नळीच्या तोंडावरची खाच

ही हकीकत मी आजवर तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी लिहून उठलो. पहिल्यांदा फौजेतल्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या. दुसऱ्यांदा शेतातल्या विहिरीबद्दल लिहिलं. तिसऱ्यांदा तर आमच्या रायफल मंडळाच्या स्मरणिकेनंच लेख मागितला होता, म्हणजे जागा अगदी योग्य होती. तिथे मी लिहिलं, 'आमचे एक गुणी नेमबाज दृष्टिदोषामुळे पुढे जाऊ शकले नाहीत.' ते वाक्य छापून आलं. ते खोटं आहे, आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं.

ज्याला हे तोंडानं सांगायला हवं होतं तो ऐकायला उरला नाही. म्हणून कागदावर.

मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. हवालदार म्हणून घरी आलो. गावाकडे लोक मेजर म्हणू लागले. आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो. मी कुणाला कधी दुरुस्त केलं नाही. गोष्ट लहान आहे, पण सरळ करायचंच तर इथूनच सुरुवात केलेली बरी.

नव्वदच्या दशकात, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात असताना, काही हौशी लोकांनी रायफल मंडळ काढलं. अध्यक्ष कापसाचे मोठे व्यापारी होते. त्यांना बंदुकीचा शौक होता आणि कचेरीत ओळख होती. परवाने, कागदपत्रं त्यांनी पाहिली. हत्यारांची जबाबदारी माझ्यावर आली. सिद्धेश्वर धरणाच्या खाली, कालव्याच्या भरावाला लागून एक पडीक पट्टा मिळाला. समोर मुरमाचा उंच ढीग रचला, पन्नास मीटरवर आणि शंभर मीटरवर लाकडी चौकटी रोवल्या, लाल झेंडा लावला. झालं मैदान.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी कालव्यावरून एक माणूस सायकल ढकलत खाली उतरला. पस्तिशीचा, खाकी शर्ट, हातात पाण्याचं दार फिरवायची लोखंडी किल्ली. कालव्यावरचा पाटकरी. पाणी सोडणं, बंद करणं, पट्टीवर पातळी वाचून वहीत मांडणं हे त्याचं काम. राहायला जवळच्या तांड्यात. मी झेंड्याकडे बोट दाखवून त्याला थांबवलं.

"मेजर, तुमी गोळ्या मारून राहिले त्या ढिगामागं आमच्या म्हशी चरतात."

"पाटी लावलीय. धोका म्हणून लिहिलंय. वाच."

"मला येतं वाचता. म्हशीला न्हाई येत."

लोक हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून झेंडा वर गेला की तो स्वतःच म्हशी हाकून आणायचा आणि येऊन बसायचा. बसून बघायचा. एका रविवारी अध्यक्षांचे लागोपाठ चार नेम उजवीकडे गेले तेव्हा तो मागून हळूच म्हणाला, "वारा डावीकडून येऊन राहिला. पाण्याकडं बघा ना." आम्ही सगळे झेंड्याकडे बघत होतो आणि झेंडा पडलेला होता. कालव्याच्या पाण्यावर मात्र बारीक सुरकुत्या उजवीकडे सरकत होत्या. वारा खाली, गोळीच्या उंचीवर होता.

मी त्याला चटईवर पालथं झोपवलं आणि रायफल दिली. त्याच्या बापाकडे डुकरं हाकलायची जुनी भरमार बंदूक होती, एवढाच त्याचा अनुभव. पण श्वास कुठे थांबवायचा हे त्याला सांगावं लागलं नाही. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की माझा त्याच्यावर पहिल्यापासून डूख होता. तसं नव्हतं.

आमची रायफल पॉइंट टू-टूची. मोठ्या रायफलीला शंभर मीटर म्हणजे काहीच नाही, पण ही गोळी हरभऱ्याच्या दाण्याएवढी. पन्नास मीटरवर मध्यावर बसवलेली रायफल शंभरवर जवळजवळ वीतभर खाली मारते, आणि झुळूक आली की गोळी चार बोटं बाजूला सरकते. शिवाय या काडतुसात पेट घेणारा मसाला पेंदीच्या कडेत भरलेला असतो. ते घरी पुन्हा भरता येत नाही. कारखान्यातून जसं येईल तसं घ्यायचं. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या, पण वेगळ्या दिवशी भरलेल्या दोन पेट्या एकाच रायफलीत वेगळ्या वागतात. म्हणून लांबच्या नेमात अर्धा खेळ निवडीचा असतो: कोणती रायफल, कोणती पेटी, आणि कोणती कोणाशी जुळते.

अध्यक्षांचा आग्रह जोराच्या काडतुसांचा होता. "शंभरला मारायचं अन् हळू चालणारी गोळी? काय बोलून राहिले मेजर? जोराची मागवा."

मी अध्यक्षांपुढे जरा दबूनच असायचो. मी चाचरत होतो तेव्हा पाटकरी म्हणाला, "अध्यक्षसाब, जोराची गोळी निम्म्या वाटंत दमते. दमली की डगमगते. मी नमुन्याच्या दोन्ही पेट्या मारून पाहिल्या."

"तू पाणी सोडायचं बघ, बाबा."

"तेच सांगून राहिलो साहेब. पाणी जोरात सोडलं तर शेवटच्या वावरात पोचत न्हाई. मधीच पाट फोडतं."

सावकाश चालणारी काडतुसं आली. त्याचं म्हणणं बरोबर होतं. आवाजापेक्षा वेगानं निघालेली गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येते आणि तिथे तिला धक्का बसतो, हे मला फौजेत शिकवलेलं होतं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग एकदा त्यानं गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेली एक पट्टी आणली. पट्टीला एक चीर होती, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळती. काडतुसाच्या पेंदीची कड त्या चिरेत सरकवायची आणि कुठे अडते ते बघायचं. जाड कडेची एका वाटीत, पातळ कडेची दुसरीत, मधली तिसरीत. मांडी घालून, तीन स्टीलच्या वाट्या पुढ्यात घेऊन तो एकेक काडतूस लावत होता.

"काय रे, डाळ निवडून राहिला काय?" मी म्हटलं.

"व्हय. खडा दाताखाली आला म्हणजे मग कळतं."

एकाच वाटीतली दहा काडतुसं त्यानं शंभर मीटरवर मारली. मी दुर्बिणीतून पाहिलं. दहाही भोकं एका लिंबात मावतील एवढ्या जागेत होती. बावीस वर्षांच्या नोकरीत मी असला ग्रुप पॉइंट टू-टूनं मारलेला फार थोड्यांदा पाहिला होता. पट्टीची मीही नक्कल करून घेतली, पण तिच्यात ती नजाकत आली नाही.

रायफली दोन होत्या. एक जुनी, जड नळीची, आमच्या मंडळाची पहिली. दुसरी परदेशी, पुण्याच्या एका निवृत्त नेमबाजाकडून आलेली, छिद्राच्या साइटची, डोळ्यांत भरणारी. तिच्याबरोबर पेटीत तिची साफसफाईची सळईसुद्धा होती. ती आली तेव्हा सगळे तिच्याभोवती जमले. पाटकऱ्यानं दोन्ही खांद्याला लावून पाहिल्या आणि जुनी उचलली.

"नवी काहून नको?" मी विचारलं.

"हिचा घोडा कुठं सुटतो ते माझ्या बोटाला ठावं हाय. नवीला पाव्हण्यावाणी वागवावं लागंल."

मला बरं वाटलं. जुनी रायफल माझ्या हाताखालची होती. तिच्या प्रत्येक स्क्रूला माझा हात लागला होता. नवी वसमतकडच्या एका तरुण शिक्षकाकडे गेली. तोही चांगला मारायचा, सरळ माणूस होता. त्याच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही.

आता साफसफाईचं सांगतो, कारण सगळं तिथे आहे.

फौजेत नळी साफ करायला एक दोरी असते. तिला पुलथ्रू म्हणतात. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात फलाटीनची चिंधी. वजन मागून नळीत सोडायचं, तोंडातून बाहेर आलं की दोरी ओढून घ्यायची. चिंधी सगळी घाण घेऊन येते. आमच्या पलटणीत पाहणीच्या वेळी साहेब नळी उजेडाकडे धरायचे. आत काळा ठिपका दिसला की शिक्षा. नळी आरशासारखी असली पाहिजे, हा माझ्या नोकरीचा सगळा धर्म होता. मी तो घेऊन गावी आलो. दर रविवारी नेमबाजी सुरू व्हायच्या आधी दहा वेळा आणि संपल्यावर दहा वेळा मी जुन्या रायफलीतून दोरी ओढायचो. रायफल दोन पायांत उभी धरायची आणि उजव्या हातानं दोरी आपल्याकडे, खाली ओढायची. दोरी मैदानावर पडलेली असायची. कालव्याकाठची बारीक वाळू तिला चिकटलेली असायची. मी ती झटकायचो, पण वळलेल्या दोरीच्या पेडांतून वाळू झटकून जाते थोडीच.

पाटकऱ्यानं एकदा नाही, तीन-चारदा सांगितलं.

"मेजर, नळी इतकी नका घासू. साफ नळीच्या पैल्या पाच-सात गोळ्या भटकतात. मळली म्हणजे मग ठिकाणावर येते."

"तू मला नळी शिकवतो? बावीस वर्षं नळ्या साफ केल्यात मी."

"म्हणूनच सांगून राहिलो. तुमची सवय मोठ्या रायफलीची हाय."

हे तो चार लोकांसमोर बोलला. कुणी हसलं नव्हतं, पण मला सगळे हसल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी दहाच्या ऐवजी पंधरा वेळा दोरी ओढायला लागलो. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे.

मग हिंगोली वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं: कचेऱ्या, पाट्या, अधिकारी, संघ. आमच्या मंडळाला पहिल्यांदा स्वतःच्या जिल्ह्याच्या नावानं राज्याच्या स्पर्धेत एक नेमबाज पाठवायची संधी आली. शंभर मीटर, झोपून. जागा एकच. पाटकऱ्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तांड्यातल्या लोकांना तर ते नक्कीच झाल्यासारखं वाटत होतं. कालव्यावरून जाणारी बायामाणसं त्याला थांबवून विचारायची, मुंबईला जाणार का, दिल्लीला. तो म्हणायचा, "आधी निवड होऊ द्या, मग गाव ठरवू." पण त्यानं नवा पांढरा शर्ट शिवून घेतला होता. तो मी पाहिला होता.

निवड चाचणीच्या आधीच्या दोन महिन्यांत त्याचे ग्रुप मोठे होत चालले होते. लिंबाचं संत्रं झालं, संत्र्याचं वाटीएवढं. मधेच एखादी गोळी कुठल्या कुठे जायची. तो काडतुसं पुन्हा पुन्हा निवडायचा, पट्टी घासून बघायचा, वेगळी पेटी लावायचा. "मेजर, रायफलीचं कायतरी बिनसलंय," तो म्हणाला. मी रायफल उघडली, स्क्रू तपासले, साइट तपासली, नळी उजेडाला धरली. आरशासारखी होती. "रायफलीला काही झालं नाही," मी सांगितलं. आणि खरंच मला तसं वाटत होतं. इथपर्यंतची माझी चूक ही निव्वळ चूक होती. त्याबद्दल मी स्वतःला माफ करू शकलो असतो.

चाचणीच्या दिवशी अध्यक्ष खुर्ची टाकून बसले होते. तांड्यातून वीसेक माणसं भरावावर येऊन बसली होती. त्याच्या बायकोनं डब्यात काहीतरी गोड आणलं होतं. त्यानं वीस गोळ्या मारल्या. मी कागद काढून आणला तेव्हा भोकं भाकरीएवढ्या जागेत पसरलेली होती. शिक्षकाचा कागद त्याच्याहून कितीतरी चांगला होता.

अध्यक्षांनी कागद हातात धरून विचारलं, "मेजर, हे काय? रायफल का माणूस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हत्यारांची जबाबदारी माझी होती. रायफल म्हटलं असतं तर ते माझ्यावर आलं असतं.

"रायफल ठीक आहे," मी म्हणालो. "वय होतं माणसाचं. नजर."

दोष माणसावर टाकणं सोपं होतं. माणूस तांड्यातला होता, म्हणून आणखी सोपं झालं. अध्यक्षांनी मान डोलावली, जणू त्यांना हे आधीच ठाऊक होतं. मी नोंदवहीत लिहिलं, 'दृष्टी कमी झाल्याने नेम विखुरला.' खाली सही केली. पाटकरी चटईवरून उठला, चटईची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. "व्हय," तो म्हणाला. "असंल." भरावावरची माणसं उठली. डबा तसाच परत गेला.

हे मला तेव्हा खरं वाटत होतं की सोयीचं, ते मी आज सांगू शकत नाही. पण पुढच्या आठवड्यात जे झालं त्याबद्दल अशी सवलत नाही.

घरी बायको वाती वळत होती. शेतातून आलेला कापूस तिच्या पुढ्यात होता. मी रायफलीच्या तोंडाला तेल लावायला म्हणून त्यातला चिमूटभर घेतला. नळीच्या तोंडाच्या कडेवरून गोल फिरवला. एका जागी तंतू अडकले. पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच. घड्याळवाला डोळ्याला लावतो तसलं भिंग माझ्याकडे होतं. ते लावून पाहिलं. नळीच्या अगदी तोंडावर, जिथून गोळी सुटते त्या कडेला, उजव्या अंगाला खाली, एक गुळगुळीत खाच पडली होती. माझा हात दोरी जिकडे ओढत होता बरोबर तिथे. वाळू भरलेली दोरी आठवड्याला वीस-तीस वेळा, सहा वर्षं, पोलादावर कानशीसारखी चालली होती. आतली नळी आरशासारखी होती. मी सगळं आयुष्य नळीच्या आत बघितलं. तोंडाकडे बघितलं नाही. गोळी बाहेर पडताना मागची हवा त्या खाचेतून आधी सुटते आणि गोळी तिरकी होते. हे आर्मररला समजायला भिंगही लागू नये.

तो कापूस माझ्या हातात किती वेळ होता मला आठवत नाही. बायको म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही. गंज आहे."

स्पर्धेला अजून महिना होता. नावाचं पत्र अध्यक्षांच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं होतं. सायकलवरून कालव्यापर्यंत जायला मला अर्धा तास लागला असता.

दुसऱ्या दिवशी तोच माझ्याकडे आला. हिंगोलीला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आला होता. खिशातून कागद काढून त्यानं माझ्यापुढे ठेवला. "डॉक्टर म्हणतात, लांबची नजर एकदम बराबर. जवळचं वाचायला पुढंमागं चष्मा लागंल म्हणे. बाकी काय तकलीफ न्हाई. मग मेजर, हे काहून झालं?"

तो भांडायला आला नव्हता. खरंच विचारत होता. माझ्यामागे कपाटात रायफल होती.

मी त्याचा कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "डॉक्टरला नेमबाजीतलं काय कळतं?" मी म्हणालो. "पाटी वाचायची नजर वेगळी, नेमाची वेगळी. रायफलीवरची पुढची माशी आणि लांबचा काळा गोल दोन्ही एकदम धरायचे असतात. ती नजर गेली की परत येत नाही. कोणत्याही डॉक्टरच्या कागदावर ती येत नाही."

असं शास्त्र कुठेच नाही असं नाही. वय झालं की माशी धूसर दिसते हे खरं आहे. म्हणून ते खोटं इतकं चांगलं झालं. त्यातला निम्मा भाग खरा होता.

त्यानं कागद खिशात ठेवला. मग शर्टाच्या खिशातून पत्र्याची ती पट्टी काढली. "ठेवा तुमच्यापाशी. पोरं शिकायला येतील त्यांना दाखवा. माझ्या काय कामाची आता." मी ती घेतली.

अध्यक्षांनी पत्रावर सही केली. शिक्षक स्पर्धेला गेला, मधल्या नंबरात आला, परत आला.

त्यानंतर मी घराच्या मागच्या बाजूला शिकंजा बसवला आणि जुन्या रायफलीच्या नळीचा तोंडाकडचा बोटभर भाग कापला. कानशीनं सरळ केला. मग पितळी गोल डोक्याचा स्क्रू घेऊन, त्याला इंजिनाचे व्हॉल्व घासायची पेस्ट लावून, नवं तोंड घोटलं. दोन दिवस लागले. हात सराईत होते. मैदानावर एकटा गेलो. माझ्या त्या वेळच्या हातांनी, माझ्या डोळ्यांनी, त्याच्या पट्टीनं निवडलेली दहा काडतुसं शंभर मीटरवर मारली. कागद आणायला चालत गेलो. लिंबाएवढी जागा.

तो कागद मी तिथेच फाडला आणि कालव्यात टाकला. नोंदवहीत लिहिलं, 'तोंडावर गंज आढळल्याने नळी कमी केली.' वहीतल्या या दोन नोंदी माझ्या आहेत, दोन्ही खोट्या आहेत. दुरुस्त करायचं तर ते असं: पहिलीत नजरेऐवजी नळी लिहायला हवं होतं, दुसरीत गंजाऐवजी माझं नाव.

तो पुन्हा मैदानावर आला नाही. त्याचं मन मोडलं असेल आणि वर्षा-दोन वर्षांत सावरेल असं मला वाटायचं. तसं झालं नाही. माझा शब्द त्यानं पूर्ण मानला. कालव्यावरची पातळीची पट्टी तो बायकोकडून वाचून घ्यायला लागला, चुकायला नको म्हणून. भरावावरून सायकल चालवायची सोडून चालत जायला लागला. बापाच्या भरमारीचा परवाना त्यानं परत करून टाकला. त्याच्या कापसात डुकरं शिरायला लागली ती तेव्हापासून. हे मला बाजाराच्या दिवशी जवळा गावात त्याच्या तांड्यातल्या माणसांकडून कळायचं. ते हसत सांगायचे. "तुमचा नेमबाज आता काठी घेऊन डुकरं हाकलून राहिला, मेजर." मी म्हणायचो, "वय झालं." आणि पुढे निघायचो.

एकदाच गेलो. तोवर त्यानं नोकरी सोडली होती आणि मंडळही बंद पडल्यात जमा होतं. पत्र्याची पट्टी खिशात घातली, सायकल झेपत नव्हती म्हणून औंढ्यापर्यंत बसनं गेलो, तिथून ऑटोनं तांड्यात. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. तो घरासमोर बाजेवर, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसला होता. उठून माझ्या पाया पडायला लागला, मी धरला. त्याच्या बायकोनं चहा आणला.

मी म्हणालो, "तुझ्याशी एक बोलायचं होतं. त्या चाचणीबद्दल."

"ते कशाला काढता आता," तो हसला. "पर मेजर, तुमचे उपकार हायेत. तुमी त्या दिवशी खरं तोंडावर बोललात. दुसरा असता तर गोड बोलून पुढं ढकललं असतं. म्या राज्याच्या मैदानावर जाऊन तांड्याची अब्रू घालवली असती."

त्याची बायको दारातून म्हणाली, "खरं न् काय दादा! तुमीच समजावा ह्यांना. पार त्या काठावर बगळा बसला तर ह्यांना दिसतो. मासा कोणता धरला ते बी सांगतात. अन् म्हणतात नजर गेली."

मी धरणाच्या पाण्याकडे पाहिलं. मला पलीकडचा काठच नीट दिसत नव्हता.

"येडी हाय," तो तिला म्हणाला. "बगळा दिसणं वेगळं. नेमाची नजर वेगळी. ती गेली म्हणजे कोणत्या डॉक्टरच्या कागदावर येत न्हाई. मेजरनंच सांगितलंय मला." आणि माझ्याकडे बघून, "न्हाई का?"

माझा हात खिशात होता. पत्र्याची कड बोटाला लागत होती. तो उत्तराची वाट बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर होता. खरं सांगितलं असतं तर त्याची सात-आठ वर्षं परत येणार नव्हती आणि त्याला जो एक माणूस खरा वाटत होता तोही गेला असता. असं मी नंतर स्वतःला समजावलं. त्या वेळी असलं काही मनात नव्हतं. त्या वेळी मी फक्त भ्यालो.

"व्हय," मी म्हणालो. "चहा चांगला झालाय."

पुढच्या उन्हाळ्यात तो वारला. निरोप दोन दिवसांनी आला. मी गेलो नाही. गेलो असतो तर लोकांनी मला मानानं पुढे बसवलं असतं.

रस्ताभर जुळवलेलं ते वाक्य मला अजून पाठ आहे. ऑटोतून उतरताना ते तयार होतं, चहाचा कप हातात आला तेव्हाही होतं. ते एवढंच होतं: भाऊ, तुझी नजर बराबर होती. रायफल मी खराब केली, मला ते कळलं होतं, आणि कळल्यावरही मी तुझ्याशी खोटं बोललो. मला माफ कर.